जुन्या मालिकांचा नवा डाव : वाचकांचे प्रश्न

बंद पडलेल्या गेम-मालिका नव्याने कशा उभ्या राहिल्या, या विषयावर नाशिकच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार.

प्रश्न : २०१६चा ‘डूम’ सगळ्यांनी डोक्यावर घेतला. मी मात्र पहिल्या दोन-तीन लढतींतच मरतो. भिंतीआड लपून नेम धरला तरी गोळ्या पुरत नाहीत. (सिडको)

उत्तर : लपता म्हणूनच मरता. या खेळात आडोशाला थांबून हेल्थ भरत नाही आणि रीलोडचं बटणही नाही. दोन्ही मुद्दाम काढलंय. ‘डूम ३’ आला २००४ साली. चौथा भाग २००८ला जाहीर झाला, पण तो ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धखेळाच्या वळणावर जातोय हे लक्षात आल्यावर ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने तो मोडीत काढला. नव्याने मांडताना १९९३च्या खेळातली एकच गोष्ट घट्ट धरली, ती म्हणजे सतत पळत राहणं. बाकी सगळे नियम त्याच्या सोयीने रचले.

राक्षस घायाळ झाला की निळा चमकतो, जवळ गेलात की नारिंगी. तेव्हा मेलीचं, म्हणजे जवळून हाणायचं बटण दाबा; संगणकावर ते ‘एफ’. त्याला संपवेपर्यंत तुम्हाला इजा होत नाही आणि त्याच्यातून हेल्थ पडते. तुमची हेल्थ जितकी खालावलेली, तितकी जास्त. गोळ्या संपत आल्या की चेनसॉ, म्हणजे इंधनावर चालणारी करवत काढा. चिरलेल्या राक्षसातून गोळ्यांचा सडा पडतो. इंधन मोजकं असतं. इम्पसारख्या किरकोळ राक्षसावर थोडक्यात भागतं, तेव्हा मोठ्या धुडावर ते उधळू नका. हेल्थ कमी झाली की हात आपसूक मागे ओढतो. इथे नेमकं तेव्हाच पुढे घुसायचं.

प्रश्न : लॅपटॉपला ८ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे; एसएसडीवर ९० जीबी जागा उरली आहे. काय घेऊ? (गंगापूर रोड)

उत्तर : २०१३चा ‘टॉम्ब रेडर’ निवांत चालेल. फक्त नायिका लाराचे केस खरे भासवणारं ‘ट्रेस एफएक्स’ बंद ठेवा, फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) तिथेच खर्च होतात. ‘डूम’मध्ये ग्राफिक्स सेटिंगला चित्र काढायच्या दोन पद्धती मिळतात; ओपनजीएलऐवजी वल्कन निवडून पाहा. ‘गॉड ऑफ वॉर’ला ७० जीबी लागतात. ४० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढं उतरायला चार तास धरा, आणि एसएसडी काठोकाठ भरली की अख्खं विंडोज रडतं, म्हणून आधी थोडी जागा मोकळी करा.

चांगलं कार्ड असूनही खेळ अडखळत असेल तर बहुतेक वेळा तो प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चाललेला असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’ उघडून त्या खेळाला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर कार्डाची ताकद उतरते. एप्रिल-मेमध्ये दुपारी लॅपटॉप तापून वेग पाडत असेल तर फ्रेम सेकंदाला ३०वर बांधा आणि मागची बाजू थोडी उचलून ठेवा. गादीवर ठेवून खेळणं म्हणजे हवेची वाट बुजवणं.

प्रश्न : ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’मध्ये लढाया जिंकतो, तरी देश सोडून जातात. आणि ८५ टक्क्यांचा नेम चुकला म्हणून सेव्ह उघडली तर परत चुकतो! (नाशिकरोड)

उत्तर : परग्रहवासीयांशी लढणाऱ्या तुमच्या संघटनेला देश पैसा पुरवतात, आणि एखाद्या देशातली घबराट (पॅनिक) फार वाढली की तो साथ सोडतो. त्या देशावर सॅटेलाइट सोडला की ती उतरते. तुम्ही तो तयार झाला की लगेच सोडत असाल. देश जाणार की राहणार हे महिनाअखेरीच्या अहवालात ठरतं. तेव्हा सॅटेलाइट राखून ठेवा, महिना संपायला चार-पाच दिवस उरले की ज्याचं पॅनिक पाचव्या घरात आहे त्याच्यावर सोडा. बांधायला वीस दिवस लागतात, म्हणून ऑर्डर महिन्याच्या सुरुवातीलाच द्या. सोबत अपलिंकची, म्हणजे सॅटेलाइट सांभाळणाऱ्या तळावरच्या केंद्राची क्षमताही तपासा; ती नसेल तर सॅटेलाइट नुसता पडून राहतो.

नेमाचं म्हणाल, तर नशिबाचे आकडे सेव्हमध्येच साठलेले असतात. तीच गोळी त्याच क्रमाने झाडली तर निकालही तोच. आधी दुसऱ्या सैनिकाकडून काहीतरी करून घ्या.

१९९४च्या मूळ खेळातले टाइम युनिट (प्रत्येक हालचालीला खर्च होणारे गुण) ‘एनिमी अननोन’ बनवणाऱ्या फिरॅक्सिसने २०१२ साली सरळ काढले आणि प्रत्येक सैनिकाला दोन चाली दिल्या. जुने खेळाडू कुरकुरले, पण सैनिक मेला की कायमचा गेला ही धास्ती तशीच राहिली, आणि मालिका तिच्यावरच तरली. याच नावाचा नेमबाजीचा खेळ २०१०ला जाहीर झाला होता. तो २०१३ साली ‘द ब्यूरो’ म्हणून आला आणि विसरला गेला. त्यात नाव होतं, धास्ती नव्हती.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, ‘गॉड ऑफ वॉर’ मागतो. देऊ का? (पंचवटी)

उत्तर : नको, ताई. अमेरिकी वर्गवारीत तो १७ वर्षांपुढच्यांसाठी आहे, आणि रक्तपात खरंच भरपूर आहे. २००३चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ द्या, तो १३ वर्षांपुढच्यांसाठी. हासुद्धा पुनरुज्जीवनाचाच खेळ. १९९९चा त्रिमितीय भाग फसल्यावर युबिसॉफ्ट मॉन्ट्रियलने मालिका नव्याने मांडली. उडी चुकली तर खंजिरातल्या वाळूने वेळ मागे नेता येते, त्यामुळे मूल वैतागत नाही. तो रुंद स्क्रीनसाठी बनलेला नाही. चित्र ताणलेलं दिसलं तर ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये स्केलिंग ‘आस्पेक्ट रेशो’वर ठेवा.