समितीत कोण बसलंय ते विचारा, पण आधी नातवाला घरी आणा

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगी वारली तेव्हापासून नऊ वर्षांचा नातू माझ्याकडेच आहे. जावई म्हापशाला कामाला असतो, दारू पितो. जूनमध्ये नातू कुणाला न सांगता बापाला शोधायला बसने गेला आणि रात्री म्हापशाच्या बसस्टँडवर एकटा सापडला. कुणीतरी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. तेव्हापासून तो बालगृहात आहे. मी बाल कल्याण समितीकडे दोन-तीनदा जाऊन आले. एकदा तर एकच सदस्य होते. ‘अहवाल आला नाही, पुढच्या तारखेला या’ एवढंच सांगतात. घरी चौकशीला कुणी आलेलं नाही. गावात म्हणतात, समितीतले एकजण बालगृह चालवणाऱ्या संस्थेच्या कमिटीवरही आहेत. भाचा म्हणतो, ‘ह्यांना मुलांतलं काय कळतं, मंत्र्यांना निवेदन देऊया.’ काय करू? चवथीला (गणेश चतुर्थीला) तरी पोर घरी येईल का?

उत्तर : आजी, तुमच्या पत्रात दोन भांडणं एकत्र झाली आहेत. नातू घरी आणायचा हे एक, आणि समितीवर बसलेली माणसं लायक आहेत की नाहीत हे दुसरं. दोन्ही खरी आहेत, पण त्यांचे कागद वेगळे आणि दारंही वेगळी. एकाच निवेदनात दोन्ही घातलीत तर मंत्र्यांच्या कार्यालयातून ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खात्याकडे जाईल आणि पोर आहे तिथेच राहील.

एक कडू गोष्ट आधीच सांगतो. रात्री एकटं सापडलेलं मूल बालगृहात नेलं, यात कुणाचं चुकलं नाही. समितीची बैठक नसेल तेव्हा एकट्या सदस्यासमोर मूल हजर करता येतं, तेही कायद्यात आहे. चूक झाली ती त्यानंतर. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपास, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी, पंधरा दिवसांत संपायला हवा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा. अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर लागतात. तुमच्या प्रकरणात अडीच महिने होत आले तरी कुणी तुमच्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही.

त्यामुळे पहिला अर्ज समितीकडेच करा, साध्या मराठीत, एका पानाचा. त्यात लिहा : मूल इतकी वर्षं माझ्या ताब्यात आहे, म्हणून कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे मला पालक माना. तपास तातडीने पूर्ण करा, तोवर मला ‘योग्य व्यक्ती’ (मूल सांभाळायला लायक माणूस) मानून मूल माझ्याकडे द्या, आणि आजपर्यंतचे आदेश व रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामाची नोंद) यांच्या नकला द्या. सोबत शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मुलीचा मृत्यू दाखला जोडा. जावयाकडून ‘मूल आजीकडे राहायला माझी हरकत नाही’ असं सहीनिशी घ्या. बाप हयात आहे, त्याच्या सहीवाचून उद्या खोळंबा होईल. कुणी सांगेल की आधी दिवाणी कोर्टात पालकत्वाचा दावा घाला. इथून सुरुवात करू नका, त्यात वर्षं जातात.

अहवालासाठी माणूस घरी येईल तेव्हा घाईने रंगरंगोटी करू नका. तो पाहील : मुलगा कुठे झोपतो, तुम्ही कुळागरात (बागायतीत) कामाला गेलात की त्याच्याकडे कोण बघतं, शाळेत हजेरी किती, बाप येतो तेव्हा काय होतं. जावई पितो हे लपवू नका, शेजारी सांगणारच आहेत. त्यापेक्षा तो आला तर तुम्ही काय करता ते सांगा. मुलगा त्या दिवशी एकटा म्हापशापर्यंत कसा पोचला, याचंही उत्तर तयार ठेवा, कारण हा प्रश्न विचारणारा माणूसच आपलं काम नीट करतोय.

अर्जावर विरोधात आदेश झाला, तर आदेशापासून तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. मुदत टळली असेल तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. ‘आदेशाची नक्कलच मिळाली नव्हती’ हे सबळ कारण ठरू शकतं, म्हणून नकलेचा अर्ज आजच हवा.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यातली किमान एक स्त्री आणि आणखी एक मुलांच्या विषयातली जाणकार हवी. सदस्यासाठी बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, शिक्षण अशा विषयांतली पदवी लागते. मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या क्षेत्रातला चालू व्यवसायही लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली : जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्या माणसाला सदस्य होता येत नाही. गावात म्हणतात ते खरं निघालं तर ती नेमणूकच टिकणार नाही. पण गावच्या बोलण्यावर तक्रार लिहू नका. नेमणुका राजपत्रात अधिसूचनेने होतात, तिथून नावं मिळतात. संस्थेच्या व्यवस्थापनाची यादी भाच्याला माहिती अधिकारात महिला व बाल विकास संचालनालयाकडून मागू द्या. नातवाचं नाव त्या अर्जात नको.

हे सगळं हातात आलं की पणजीला उत्तर गोवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. समितीच्या कारभाराविरुद्धची तक्रार ऐकायचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे आणि मुलाशी संबंधित कुणालाही ती करता येते. समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावाही त्यांनीच घ्यायचा असतो. प्रलंबित प्रकरणांबाबत त्यांनी निर्देश दिल्यावरही तीन महिन्यांत समिती सुधारली नाही, तर सरकारने ती बरखास्त करून नवी नेमायची, असं कायदा म्हणतो. ‘करू शकते’ नव्हे, करायचीच.

माझं मत विचाराल तर पदव्यांवर फार जोर देऊ नका. मानसशास्त्रात एम.ए. केलेला माणूसही फाईल न उघडता पुढची तारीख देतो, आणि अंगणवाडीत आयुष्य घालवलेली बाई दोन प्रश्नांत घर ओळखते. जाणकारी लागतेच, पण तुमच्या तक्रारीत वजन येईल ते तारखांनी : कोणत्या दिवशी गेलात, किती सदस्य हजर होते, काय सांगितलं. वर्षातल्या किमान तीन-चतुर्थांश बैठकांना हजर न राहणारा सदस्य काढता येतो. ही हजेरी कागदावर मोजता येते, कळकळ येत नाही.

चवथीचं : बालगृहातल्या मुलाला खास प्रसंगी सुट्टी देता येते, साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवास धरून नव्हे. कलम ९८. कायद्यात लग्न, परीक्षा, आजारपण अशी उदाहरणं आहेत, सणाचं नाव नाही, त्यामुळे देणं-न देणं समितीच्या हातात आहे. तरी वेगळा अर्ज द्या, किमान पंधरा दिवस आधी.

आणि भाच्याला बजावून सांगा, मुलाचा फोटो-नाव व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पेपरात देऊ नको. तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. कुठल्याही कचेरीत अर्ज दिलात की आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.