रात्री उशिरा लागणारा ‘लेट जंक्शन’सारखा रेडिओ कार्यक्रम नेमका कसा ऐकावा?

आपला प्रश्न असा आहे की, एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आपण बीबीसी रेडिओ ३ वरचा ‘लेट जंक्शन’ लावला. पण आधी नॉर्वेमधले एक लोकवाद्य, त्यामागोमाग माली देशातले गाणे आणि लगेच कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकून विसाव्या मिनिटाला तो बंद केला, तर यात ऐकण्यासारखे काय आहे आणि ऐकायचे झाल्यास कसे ऐकावे? मी मूळचा मिरजेचा असून गेली सोळा वर्षे इंग्लंडात लीड्स येथे राहतो आणि यातली बहुतेक वर्षे हा कार्यक्रम ऐकत आलो आहे. प्रथम मीही तो बंदच केला होता. आपण वीस मिनिटे तरी धीर धरलात, माझा आठव्या मिनिटालाच संपला होता.

रेडिओ ३ हे मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीताचे केंद्र आहे. ‘लेट जंक्शन’ तिथे सप्टेंबर १९९९ मध्ये सुरू झाला आणि फिओना टॉकिंग्टन व व्हेरिटी शार्प या निवेदिकांनी त्याला वळण लावले. मध्ययुगीन चर्चगायन, जॅझ, लोकगीते, संगणकावर रचलेले ध्वनी, क्वचित पक्ष्यांचे किंवा पाण्याचे नुसते ध्वनिमुद्रण, असे काहीही कशालाही लागून येऊ शकते. दिवसा असे केले तर श्रोत्यांच्या तक्रारी येतील. रात्री उशिरा जो जागा आहे तो बहुधा एकटा असतो आणि त्याला काही ठरावीकच ऐकायचे असते असे नाही. माझ्या मते कार्यक्रमाचे अर्धे स्वातंत्र्य या वेळेने दिलेले आहे.

माझे कान उघडले ते एका लांबलचक रचनेने, जिच्यात जवळजवळ पंचवीस मिनिटे एकच स्वर चालू होता. ना लय, ना शब्द, ना समेची आशा. आमच्या घरात तो आवाज रेडिओतून येतो आहे हे कळायलाच वेळ लागला, कारण पत्नी बॉयलर बिघडला असे समजून स्वयंपाकघरात तपासायला गेली होती. मी बटणाकडे हात नेला आणि तेवढ्यात मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक दुकान आठवले. आत्याचा तंबोरा घेऊन मी लहानपणी तिथे गेलो होतो. कारागिराने घोडीवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, कानस अगदी हलक्या हाताने फिरवली, पुसली, तार छेडली, मान हलवली, पुन्हा कानस फिरवली. मग तारेखालचा सुताचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला, आणि इतका वेळ मुका वाटणारा तोच षड्ज (सा) एकदम फुलून त्यातून गंधार (ग) ऐकू येऊ लागला. जवारी काढणे म्हणतात ते हेच. लीड्सच्या स्वयंपाकघरात मी त्या ‘घरघरी’कडे त्याच कानाने लक्ष दिले, तेव्हा एकच वाटणाऱ्या स्वराच्या आत सारखी हालचाल चाललेली होती.

हा निव्वळ माझ्या मनाचा खेळ नव्हता, हे नंतर वाचनात आले. दीर्घ स्वरांच्या संगीताचे अमेरिकेतील एक अध्वर्यू ला माँट यंग यांना लांबवलेल्या स्वरांचे वेड आधीपासूनच होते. पण १९७० मध्ये गायक पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेल्यावर यंग आणि संगीतकार टेरी रायली हे दोघेही त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथांचे गुरू किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ, आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेत स्थायिक झालेले. म्हणजे ज्या आवाजाला मी परका समजत होतो, त्याचे एक मूळ माझ्या गावाच्या पाहुण्यारावळ्यांत निघाले.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आवडले का हा प्रश्न प्रत्येक रचनेला लगेच विचारू नये. इथे खरी कारागिरी क्रमात असते. एखादी रचना स्वतंत्रपणे कंटाळवाणी वाटते, पण तिच्यानंतर येणारे साधे लोकगीत तिच्यामुळे धुतल्यासारखे स्वच्छ ऐकू येते. आपण ज्या घरघरीला बंद केलेत, तिच्यानंतर काय लावले होते हे आपल्याला कळलेच नाही, आणि निवड करणाऱ्याचे म्हणणे बहुधा त्या पुढच्या गाण्यात होते. अनेकदा दोन-तीन रचना सलग वाजवून मगच नावे सांगतात. तो अज्ञानाचा काळ मला फार मोलाचा वाटतो, कारण देश, भाषा, साल यांपैकी काहीच ठाऊक नसताना कान स्वतःच्या जबाबदारीवर ऐकतो. त्यामुळे यादी समोर उघडून बसू नका. ती नंतर पाहता येते. मी उशाशी कागद ठेवतो आणि रात्रीतून एकच नाव लिहून घेतो. दुसरे लिहायचे झाल्यास पहिले खोडावे लागते, हा माझा स्वतःचा नियम आहे, तो आपण पाळलाच पाहिजे असे नाही.

आवाज लहान ठेवावा, आणि शक्यतो कानात इयरफोन न घालता खोलीत ऐकावे. भारतातून प्रक्षेपणाच्या वेळीच ऐकायचे झाल्यास तिकडचे घड्याळ इथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असते, हे मात्र ध्यानात असू द्या.

कार्यक्रमाच्या ‘सेशन्स’ही अवश्य शोधा. एकमेकांना बहुधा कधीच न भेटलेल्या वादकांना एका स्टुडिओत आणून दिवसभरात काहीतरी नवे करायला सांगायचे, अशी ती पद्धत आहे. सगळ्याच जमतात असे नाही. काहींमध्ये दोघेही शेवटपर्यंत एकमेकांना ‘आधी आपण’ म्हणत राहिल्यासारखे ऐकू येते.

एक खंत नोंदवतो. आधी आठवड्यातून अनेक रात्री असणारा हा कार्यक्रम २०१९ मध्ये शुक्रवारच्या एका रात्रीवर आणला गेला. शेकडो संगीतकारांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. रोजच्या सवयीत जे अपरिचित हळूहळू घरचे होते, ते आठवड्यातून एकदा भेटल्यास पाहुणेच राहते. तेव्हा नव्या श्रोत्याने जुने भाग उपलब्ध असतील तर आठवडाभर रोज अर्धा तास ऐकावेत, आणि शक्य असल्यास सुरुवात आपण बंद केलेल्या त्याच भागाच्या एकविसाव्या मिनिटापासून करावी.