पाणी पहाटे येतं, पण उठतं कोण?

"मावशी, आम्ही अमळनेर तालुक्यातले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही नणंदा आल्या, एक सुरतहून, एक पुण्याहून. मुलांना सुट्टी लागली म्हणून मुक्काम वाढला. घरात तेरा माणसं. खोल्या पाहुण्यांना दिल्यात, मी स्वयंपाकघराच्या दारात झोपते. भांडी, विरजण, अंथरुणं होईतो साडेबारा. पहाटे साडेचारला नळ. नळ नसेल त्या दिवशी कुरडया नाहीतर बिबडे, ज्वारीचे पापड. दहाला पतपेढीत हजर. परवा नोटा मोजताना डोळा लागला. काल लेकीला उगीचच चापट मारली. शेजारच्या काकू म्हणतात, झोपेची अर्धी गोळी घे. घेऊ का? नणंदांना काही सांगवत नाही, बिचाऱ्या वर्षातून एकदा येतात.
ता. क. आई शिरपूरहून दरवर्षी फोनवर विचारते, 'आखाजीले येशी ना वं?' सहा वर्षं झाली, जमलेलं नाही.
– झोपेची थकबाकीदार"

थकबाकीदारबाई,

आधी गोळीचं. घेऊ नकोस. काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी दिली असेल, ती त्यांच्यासाठी. आणि तुला झोप येत नाही असं तू कुठं लिहिलंयस? तुला तर नोटा मोजताना येते. तुझ्याकडे झोप भरपूर आहे, झोपायला वेळ नाही. साडेबाराला गोळी घेऊन साडेचारला उठशील तेव्हा ती अंगात तशीच असेल, आणि तू गॅससमोर उकळता चीक घोटत असशील. नकोच.

आता हिशेब. पतपेढीतली आहेस, तुला पटेल. मोठ्या माणसाला रात्रीची किमान 7 तास झोप लागते. तू 4 घेतेस. रोजचे 3 तास उधार, म्हणजे आठवड्याला 21. रविवारी दुपारी दोन तास लवंडून हे फिटत नाही, व्याजसुद्धा निघत नाही. शिवाय जाते ती पहाटेची झोप. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जातो, स्वप्नांची झोप जास्त पहाटेकडे असते. झोप अशी तुटत राहिली की पहिला फटका मनाला बसतो. माणूस चिडका होतो, लहानशा गोष्टीनं भडकतो. लेकीला चापट बसली त्याला हे कारण म्हणून सांगतेय, सबब म्हणून नाही. तिला जवळ घे आणि "माझं चुकलं" म्हण.

मी स्वतः काय केलंय ते ऐक. लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात चार किलो गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवला, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, रात्रभर पातेल्यात बसू दिला. पहाटे उठून फक्त वरचं पाणी निथळायचं होतं. मी अर्धवट झोपेत पातेलं मोरीत तिरकं केलं आणि धरून उभी राहिले. पांढरी धार दिसत होती, पण डोक्यात काही शिरतच नव्हतं. जाग आली तेव्हा पातेल्याच्या बुडाला बोटभर चीक उरला होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि पुढचे दोन दिवसही बोलल्या नाहीत. म्हणून सांगते, झोप मारून केलेलं काम पुष्कळदा दुसऱ्यांदा करावं लागतं.

तर कुरडयांपासूनच धर. त्या डबे भरभरून सुरतला आणि पुण्याला जाणार आहेत ना? मग पहाटेही वाटल्या जाऊ देत. नणंदांपुढे "मी दमले" अशी सुरुवात करू नको, लगेच सगळ्यांचे चेहरे पडतात. रात्री जेवताना सगळ्यांसमोर सरळ विचार, "ताई, उद्या चीक तुम्ही घोटता की परवा?" माहेरवाशिणीला काम सांगायचं नाही हे मीही ऐकत आले आहे. पण मी पाहिलेल्या लेकींना आईच्या गच्चीवर पहाटे सोऱ्या फिरवायला आवडतं. त्यांना कुणी हाक मारत नाही, एवढंच. आणि दोघींपैकी एकीनं नाक मुरडलंच, तर या वर्षी बिबडे निम्मे होतील. बिबडे कमी झाले म्हणून कुणाचं काही अडत नाही.

नळाचं काम तर बायकांचं नाहीच. मोटारीचं बटण दाबायचं, टाकी भरली की बंद करायचं. तुझ्या पत्रात नवरा एकदाही आलेला नाही, हे वाचतानाच खटकलं. त्याला जाग येत नाही, असं सांगशील. तुलाही येत नव्हती, तू अलार्म लावलास म्हणून येते.

रात्रीच्या बाजूनंही तास काढता येतील. तेरा माणसांत तुझ्याकडे दोन-तीन जावईबापू किंवा दीर-भाऊ असतीलच. साडेसातला सुरू झालेली आयपीएलची मॅच अकराच्या पुढं जाते, मग पत्त्यांचा डाव बसतो. आखाजी म्हटलं की आपल्याकडे पत्ते आलेच, त्याला माझी ना नाही. पण बाराला "वहिनी, चहा होईल का?" ही हाक आली की तुझी झोप संपली. त्याहून वाईट म्हणजे हाक येईल म्हणून एक कान उघडा ठेवून पडणं. साडेनऊला चहाचा थर्मास भरून त्यांच्या मधोमध ठेव, कप शेजारी, आणि स्वयंपाकघराचा दिवा मालव. तू स्वतः चारनंतर चहा घेऊ नको. त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं. जेवणं साडेआठला उरकू देत. दहाला आमरस-पुरणपोळी खाऊन कुणालाच स्वस्थ झोप लागत नाही, पोरांना तर नाहीच.

झोपायची जागाही बदल. स्वयंपाकघराचं दार म्हणजे दिवसभर तापलेली भिंत, वर फ्रिजची धग, आणि पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाचा पाय तुझ्या उशाशी. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं, आणि वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो. संध्याकाळी पोरांना बादल्या देऊन गच्चीवर पाणी मारायला लाव, खेळ म्हणून करतील. बायका-पोरींची अंथरुणं वर टाका, मच्छरदाणीसकट. त्यात कडेची खाट तुझी, हे आधीच सांगून ठेव. खालीच झोपायचं असेल तर कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेव. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. निजण्याच्या तासभर आधी अंगावर कोमट पाणी घे. गार नको, कोमट.

पतपेढीत जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं डोकं टेकव, अलार्म लावून. जास्त नको, उठल्यावर डोकं जड होतं. आणि डोळे मिटत असतील त्या दिवशी गाडी काढू नको, रिक्षानं जा. पाहुणे गेल्यावर वेळ मिळूनही तीन महिने झोप येत नसेल, किंवा घरचे म्हणत असतील की तू मोठमोठ्यानं घोरतेस, तर डॉक्टरांकडे जा. तेव्हा गोळीचं त्यांना विचार.

आता ता. क. तू शेवटी दोन ओळींत उरकलंस, मला मात्र पत्र तिथंच सुरू झाल्यासारखं वाटलं. आखाजीला लेक माहेरी येते, झोका घेते, गाणी म्हणते, उशिरा उठते. तुझ्या नणंदा उशिरा उठू शकतात कारण तू साडेचारला उठतेस. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही सासरी कुणी उठवतच असेल. पण तूही कुणाची लेक आहेस, आणि शिरपूरला एक खाट सहा वर्षं रिकामी आहे.

आखाजी होऊन गेली, गौराई बोळवली, म्हणून काय झालं? पाहुणे असतानाच जा. तेच बरं, घरात हात भरपूर आहेत. शनिवारी पतपेढी सुटली की लेकीला घेऊन शिरपूरची एसटी धर, सोमवारची रजा टाक. घरी "जाऊ का?" विचारू नको, "जाऊन येते" म्हण. आईला फोनवर एवढंच सांग, मांडे-बिंडे काही करू नको, मला फक्त सकाळी हाक मारू नको.

आणि निघण्याआधी साडेचारचा अलार्म नवऱ्याच्या फोनवर लावून जा. आवाज पूर्ण ठेव.

तुझी,
मावशी