वाचकांचे प्रश्न : जुनी फोर-स्ट्रोक, मातीचा ट्रॅक

मागच्या अंकात मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींच्या, जुन्या एक-सिलिंडर फोर-स्ट्रोक गाड्यांवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांनी इंजिनाची ताकद कशी वाढवायची एवढंच विचारलंय, त्यांनी चौथं उत्तर आधी वाचावं.

प्रश्न : यामाहा एक्सटी 500 चं इंजिन हाताशी आहे. एचएल 500 च्या धर्तीवर दोन शॉकची गाडी बांधायची आहे. फ्रेम स्वतः करावी का? (वाचक, बर्मिंगहॅम)

गाडी निवडलीत ती फार छान. 1966 मध्ये पॉल फ्रीडरिक्सने सीझेड या झेक टू-स्ट्रोक गाडीवर मोटोक्रॉसचं 500 सीसीचं जगज्जेतेपद घेतलं आणि तिथून हा वर्ग टू-स्ट्रोकच्या ताब्यात गेला. त्याआधीची दोन वर्षं, 1964 आणि 1965, जेफ स्मिथ बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर जिंकला होता. टू-स्ट्रोकच्या ऐन भरात, 1977 साली, टॉर्स्टन हॅलमन आणि स्टेन लुंडिन यांनी एक्सटीचं इंजिन हलक्या फ्रेममध्ये बसवलं आणि बेंग्ट ओबर्गने त्या गाडीवर, म्हणजेच एचएल 500 वर, लक्झेंबर्गची एक फेरी जिंकून वर्षाअखेर नववा क्रमांक मिळवला. इंजिन मुळात तेच होतं, बाजारात मिळणारं. फरक होता तो वजनाचा आणि चेसिसचा.

वेल्डिंगचा पक्का हात नसेल तर फ्रेम तयार घ्या. स्वतःच करणार असाल तर आधी नळी ठरवा, कारण जोडकामाची पद्धत नळीवर ठरते. इंग्लंडातल्या रिकमन बंधूंच्या मेटीस फ्रेम रेनॉल्ड्स 531 नळीच्या असत आणि त्यांचे जोड ब्रॉन्झ-वेल्डिंगचे, म्हणजे नळी न वितळवता ब्रॉन्झ वितळवून भरलेले, असत. ही पातळ नळी थेट वितळवून जोडली, की जोडाशेजारचा पट्टा कमजोर होतो आणि तडा नेमका तिथेच जातो. 4130 क्रोम-मोलीब्डेनम नळी मात्र टिग वेल्डिंगने नीट जुळते. मुख्य नळ्यांना 28.6 मिमी व्यास आणि 1.6 मिमी जाडी साधारण पुरते.

वेल्डचे टाके मारताना इंजिनाची रिकामी केसिंग बोल्टने आवळून जागेवर ठेवा. एका बाजूला एक इंच वेल्ड झाला की दुसऱ्या बाजूला जा. सगळं एका दमात केलंत तर हेडस्टॉक (हँडलचा दांडा बसतो ती पुढची नळी) वाकतो. केसिंग आणि लग (इंजिन धरणारा फ्रेमचा कान) यांच्यात फट राहिली तर तिथे शिम, म्हणजे पातळ चकती, घाला, बोल्ट आवळून लग ओढून घेऊ नका. ओढलेला लग आणि 500 सीसीची थरथर एकत्र आली की लग तुटायला एक हंगाम पुरतो. सिलिंडर हेडला वरून धरणारी पट्टी अनेक जण दिसायला बरं म्हणून काढून टाकतात. ती काढू नका.

मूळ एक्सटीचं तेल फ्रेममध्ये असतं. तुमच्या फ्रेममध्ये ती सोय नसेल तर वेगळी टाकी लागेल. टाकीचा तळ पंपापेक्षा वर ठेवा, पंपाकडे जाणारा होज आखूड आणि जाड घ्या, आणि क्रँककेसच्या ब्रीदरला (हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाला) किमान 12 मिमी आतल्या व्यासाचा होज देऊन तो कॅच टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं तेल गोळा करणाऱ्या डब्यात, सोडा. पिस्टन दर वेळी खाली येताना जवळपास अर्धा लिटर हवा ढकलतो. बारीक होज लावलात, तर ती हवा तेल घेऊन ऑइल सीलमधून वाट काढते.

एक सूचना क्रोमबद्दल. क्रोमच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि चिवट पोलादही ठिसूळ होतं. करायचंच असेल तर प्लेटिंगनंतर लगेच 190 ते 200 अंश सेल्सिअसला काही तास बेक करून देणारा कारखाना गाठा. आमचं मत विचाराल तर पातळ रंग लावा. तडा गेला की रंगावर रेघ उमटते आणि ती वेळेत दिसते.

प्रश्न : गाडी दोन आठवडे उभी राहिली. तेल कमी दिसलं म्हणून भर घातली. किक मारताच निळा धूर आणि ब्रीदरमधून तेलाची धार. इंजिन गेलं का? (वाचक, न्यू जर्सी)

इंजिन गेलेलं नाही. तेल टाकीतून हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरलंय. पंपाच्या वाटेवर स्प्रिंग आणि गोळीची एक झडप असते. ती झिजली किंवा तिच्या तोंडाशी कचरा अडकला की थेंब थेंब तेल खाली झिरपतं. टाकी रिकामी दिसते, पण तेल इंजिनातच असतं. तुम्ही वर आणखी घातलंत आणि एकूण तेल जास्त झालं.

आता खालचा ड्रेन प्लग काढून सगळं तेल मोजपात्रात घ्या. तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं माप घालून इंजिन पाच मिनिटं चालवा आणि बंद केल्याबरोबर पातळी बघा. थंड इंजिनावरची पातळी या गाड्यांत कधीच खरी नसते.

गोळी आणि तिची बैठक साफ करा, स्प्रिंग नवी घाला. काही जण होजमध्ये तोटी बसवतात. तोटी उघडायला विसरलात, तर इंजिन दोन मिनिटांत जाम होतं. लावायचीच असेल तर तोटी बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही असा स्विच तिच्याबरोबर जोडा. आणि इंजिन कधी पूर्ण उघडलंत तर पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढा, हेडकडे जाणाऱ्या बाहेरच्या तेलनळीचा बोल्ट सैल करा आणि तिथे तेल दिसेपर्यंत किक मारत राहा. कॅम आणि रॉकर कोरडे फिरण्याचं नुकसान पहिल्या अर्ध्या मिनिटातच होऊन जातं.

प्रश्न : मोठ्या उडीनंतर गाडी जमिनीला लागली की इंजिन गुदमरतं, क्षणभर मरतं, मग सावरतं. कार्ब्युरेटर मिकुनी व्हीएम 34. (वाचक, लेस्टर)

आधी ठरवा, पेट्रोल जास्त होतंय की कमी. काळा धूर, जड भकभक आणि काजळलेला प्लग म्हणजे जास्त. उतरताना फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल उसळून जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) वर येतं. फ्लोटची पातळी 1 ते 2 मिमी खाली करा, नीडल आणि सीट नवी घाला, आणि ब्रीदर होज टाकीखाली उंच नेऊन मग खाली सोडा. कार्ब्युरेटर इंजिनाला कडक बोल्टने बसवलेला असेल तर थरथरीने पेट्रोलला फेस येतो. त्यासाठी रबरी मॅनिफोल्ड हवा. ॲमलचा कार्ब्युरेटर असेल आणि त्याची फ्लँज जोरात आवळली असेल तर ती वाकते आणि स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारा तुकडा) अडकते. अडकलेली स्लाइड म्हणजे बंद न होणारा थ्रॉटल, आणि त्याने जीव जाऊ शकतो.

उडीशिवायही झटकन रेस दिली की दम सोडत असेल तर ते पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण. एअर स्क्रू पूर्ण आत घालून तिथून मागे फिरवत जा. सर्वांत नितळ आयडल पाऊण फेरीच्या आतच मिळालं तर पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारं) एक नंबर मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या पुढे मिळालं तर एक नंबर लहान. तरी झटका राहिलाच तर स्लाइडचा कटअवे (खालच्या कडेचा तिरका काप) 2.5 ऐवजी 2.0 घ्या, लहान आकडा म्हणजे मिश्रण जास्त दाट. मेन जेटला हात सर्वांत शेवटी. तो पूर्ण रेसमध्ये बोलतो, आणि मोटोक्रॉसमध्ये पूर्ण रेस फार थोडा वेळ असते. हल्लीचे फ्लॅट-स्लाइड पंपर कार्ब्युरेटर (रेस देताच जादा पेट्रोल ढकलणारे) हा त्रास संपवतात, पण जुन्या वर्गांत ते सर्वत्र चालत नाहीत. क्लबची नियमपुस्तिका वाचूनच खरेदी करा.

प्रश्न : कॉम्प्रेशन 9 वरून 10 करायचंय. हेड लेथवर किती घ्यावं? (वाचक, पुणे, गाडी इंग्लंडात)

हिशोब सोपा आहे. एक्सटीचा बोअर 87 मिमी, स्ट्रोक 84, म्हणजे 499 सीसी. 9:1 कॉम्प्रेशनला कंबश्चन चेंबर 62.4 सीसी पडतं, 10:1 ला 55.4. सात सीसी कमी करायला या बोअरवर जवळजवळ 1.2 मिमी घ्यावे लागतात.

पण तेवढं घेऊ नका. हेड खाली आलं की कॅमचेनची ताणलेली बाजू ढिली होते आणि कॅम क्रँकच्या काही अंश मागे पडतो. वरचा दम वाढलेला नाही आणि खालचा गेला, अशी तक्रार घेऊन लोक येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यासाठी कॅम स्प्रॉकेटची भोकं लांबट करून डिग्री डिस्कवर (क्रँकला लावायच्या अंशांच्या चकतीवर) कॅम पुन्हा जुळवावा लागतो. त्यापेक्षा उंच माथ्याचा पिस्टन घेणं शहाणपणाचं. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा पातळ थर लावा, हेड जुन्या गॅस्केटवर आवळा, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि उघडून मातीवरचे ठसे ब्लेडने कापून मोजा. इनटेक व्हॉल्व्हखाली किमान 1.5 मिमी आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली 2 मिमी जाडी राहिली पाहिजे.

आता खरी गोष्ट. मातीच्या ट्रॅकवर या इंजिनाला ताकद कधी कमी पडत नाही, कमी पडते ती मागच्या चाकाची पकड. 10 ला किक जड होते आणि टायमिंग थोडं पुढे राहिलं तर ती उलटी मारते, घोट्याला. फ्लायव्हील हलकं करायचा मोह होत असेल तर तोही सोडा. ओल्या वळणावर हे वजनच गाडी बंद पडू देत नाही. तेच पैसे शॉकवर घाला.

प्रश्न : मागे 20 मिमी लांब शॉक लावले. सरळ पट्ट्यात हँडल हलतं आणि चेन दोनदा उतरली. (वाचक, ओहायो)

दोन्हींचं मूळ एकच. शॉक 20 मिमी लांब म्हणजे चाकापाशी सुमारे 24 मिमी, अर्थात गाडी मागून तेवढी उंच झाली. 1420 मिमी व्हीलबेसवर हेडअँगल (हँडलच्या दांड्याचा कल) साधारण एक अंश उभा झाला, ट्रेल, म्हणजे त्या दांड्याची रेष जमिनीला जिथे मिळते तिथून पुढच्या चाकाच्या टेकण्यापर्यंतचं अंतर, कमी झाला, आणि वेगात हँडल थरथरू लागलं. फोर्कचे पाय ट्रिपल क्लॅम्पमध्ये (फोर्क धरणाऱ्या पट्ट्यांत) 10 मिमी खाली घेतलेत तर थोडं परत येईल. मुळात अमेरिकेतल्या एएचआरएमए या जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या संघटनेच्या व्हिंटेज वर्गांत पुढच्या चाकाची वर-खाली चाल 7 इंच आणि मागची 4 इंच हीच मर्यादा आहे, तेव्हा लांब शॉकने वर्गच बदलू शकतो. तपासणीला जाण्याआधी चाल मोजून घ्या.

चेनचं माप असं घ्या. दोन्ही शॉक काढा. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) हाताने उचलत न्या, जोवर पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येत नाहीत. चेन सर्वांत ताणलेली असते ती याच जागी. इथे मधोमध 10 ते 15 मिमी ढील राहिली पाहिजे. गाडी स्टँडवर असताना ती मग बरीच सैल दिसेल, तशीच दिसू द्या. स्टँडवर बघून ताणलेली चेन उडी पडताच गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा झटका देते. पुढचं स्प्रॉकेट पिव्हटपासून जितकं लांब, तितका हा फरक मोठा. खालच्या बाजूला स्प्रिंगचा टेन्शनर आणि स्प्रॉकेटच्या अगदी तोंडाशी गाइड द्या. मग सरळ पट्टी धरून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का बघा. 2 मिमीचा फरकही चेन उतरवतो.

गिअरिंगबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय : पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे साडेतीन ते चार वाढवणं. चाचपणी पुढच्यावर करा, स्वस्त पडतं.

प्रश्न : जुनी ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट 350 आहे. तिची स्क्रॅम्बलर (मातीवर पळवायची गाडी) होईल का? (वाचक, कोल्हापूर)

शेतात, माळावर, मित्रांबरोबर चालवायला होईल. शर्यत जिंकायला नाही. 350 चा बोअर 70 आणि स्ट्रोक 90 मिमी. 500 ची मापं 84 आणि 90, म्हणजे बीएसए बी50 चीच. जमेची बाजू ही की बुलेटचं तेल केसिंगमधल्याच कप्प्यात असतं, वेगळी टाकी नको. पण जुन्या 350 चं बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा जोड) तरंगत्या बुशवर आहे. त्याला सतत उंच फेऱ्या सोसत नाहीत, आणि ते गेलं की सगळं इंजिन उघडावं लागतं. मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या आतच ठेवा.

टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना जुळवा : पुशरॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तेलात भिजवलेल्या फोमचा एअर फिल्टर लावा. माळावरची लाल धूळ सिलिंडर पॉलिश पेपरसारखी खाते. मागच्या टायरला रिम लॉक (टायर रिमवर घट्ट धरणारी पकड) बसवल्याशिवाय हवा 14 पीएसआयच्या आसपास आणू नका, ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. स्पोक पहिल्या अर्ध्या तासानंतर पुन्हा आवळा. ड्रम ब्रेक पूर्ण लागतो त्या क्षणी ब्रेक लिव्हर आणि रॉड यांच्यात काटकोन हवा. कोन जास्त झाला तर पायाचा बराच जोर वाया जातो.

फ्रेम कापण्याआधी आरसी बुक समोर ठेवा. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. अशी गाडी टेम्पोत घालूनच मैदानावर न्या.