रात्री दोन वाजता तिथं कोण उठतं?

"मॅडम, फरशी चकाचक हाय, एसी हाय, बाहेर बाग हाय. सगळं फिरून दाखवलं त्यांनी. पण मन घ्याना. आबाला तिथं ठेवावं का नाही, तुम्हीच सांगा."

गेल्या पावसाळ्यात गेवराई तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंचा हा फोन. (घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांना घरात सगळेच आबा म्हणतात. वय सदुसष्ट, तंबाखू-चुन्याची चाळीस वर्षांची सवय, गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, म्हणजे गावाकडच्या भाषेत लाईट घेऊन झाली. गाठ परत आली आणि गालातून बाहेर फुटली. डॉक्टरांनी सांगितलं की आता आजारावर इलाज नाही, त्रास कमी करायचा तेवढा करू. तेव्हा कुणीतरी हॉस्पिसचं, म्हणजे इलाज संपलेल्या रोग्याचा त्रास कमी करून त्याला सांभाळणाऱ्या केंद्राचं, नाव सुचवलं.

मी कॅन्सर रुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करते. "चांगलं केंद्र ओळखायचं कसं?" हा प्रश्न मला सतत येतो, आणि तो एकटा कधीच येत नाही. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: आपण बापाला टाकून तर देत नाही ना? म्हणून मी आधी त्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. तो तसाच ठेवला, तर माणसं केंद्राची इमारत बघून स्वतःची समजूत घालून घेतात. महागडी खोली घेतली की वाटतं, आपण काही कमी केलं नाही.

ताईंना मी विचारलं, "तुम्हाला मन घेईना असं का वाटलं?"

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आम्ही तासभर होतो. त्या बाईनं पॅकेज सांगितलं, आठवड्याचं न् महिन्याचं. आबाला काय होतंय हे काही विचारलंच नाही."

ताईंची पारख बरोबर होती. मी त्यांना सांगितलं, परत एकदा जा. न सांगता जा आणि रात्री नऊनंतर जा. बाग बघू नका. खाटेवरच्या माणसाची नखं बघा, ओठ बघा, जिभेवर पांढरा थर आहे का बघा. पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागेल असा ठेवलाय की कोपऱ्यातल्या टेबलावर? ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर जखम होते. कधी वळवलं ते कुठं लिहितात का, ते विचारा. आणि ड्युटीवर जे कोणी असेल त्याला एवढंच विचारा: रात्री दोन वाजता आबांना असह्य दुखायला लागलं, तर तुम्ही काय कराल?

ताई धाकट्या भावाला घेऊन गेल्या. तो चाकणला कंपनीत आहे, सुट्टी टाकून आला होता. अख्ख्या मजल्यावर एक मुलगा होता. त्याने सांगितलं, डॉक्टर सकाळी दहाला येतात, दुखलं तर इंजेक्शन देतो. कोणतं इंजेक्शन, ते त्याला सांगता येईना. मॉर्फिन ठेवता का, असं धाकट्याने विचारलं. आतून थोडी मोठी बाई आली आणि म्हणाली, "ते आम्ही वापरत नाही. त्यानं पेशंट लवकर जातो."

फोनवर हे ऐकलं आणि मी ताईंना म्हटलं, हे केंद्र नको. एका वाक्यावरून असा निकाल मी एरवी देत नाही. पण फुटलेल्या गालाच्या कॅन्सरमध्ये वेदना किती असते ते मी पाहिलेलं आहे, आणि त्या वेदनेवरच्या मुख्य औषधाबद्दल अशी समजूत असलेल्या ठिकाणी माणूस ठेवणं मला पटत नाही.

मॉर्फिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे सगळं घोडं इथंच अडतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीची पद्धत सांगितली. साध्या वेदनाशामकापासून सुरुवात, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं इतकं जिकिरीचं झालं की बऱ्याच दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता घेतलेल्या संस्थेला ते ठेवता येतं. म्हणून केंद्राला सरळ विचारावं: तुम्हाला ही मान्यता आहे का? नसेल, तर गोळ्या कुठून आणता? तोंडाने घ्यायची साधी गोळी बहुतेक वेळा दर चार तासांनी देतात. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ लावून. डोस कमीपासून सुरू करून वेदना बघत वाढवतात. पहिले काही दिवस मळमळ किंवा गुंगी येऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून जाणता डॉक्टर मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी लिहितो. चिठ्ठीवर ते नसेल, तर मी कुटुंबाला विचारायला लावते. जाणत्या हाताने दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. वेदनेने तळमळणारा माणूस रात्री झोपू शकतो, एवढं ते करतं.

थोरला भाऊ शेती बघतो. त्याचा या सगळ्यालाच विरोध होता. "हे शहरातलं नवीन फॅड हाय. आमच्यात बापाला बाहेर ठेवत नसतेत." मी त्याच्याशी वेगळी बोलले. म्हटलं, दादा, फॅड नाही. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये आजच्या अर्थाचं हॉस्पिस सुरू केलं. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. आणि हे म्हणजे माणसाला नेऊन ठेवण्याची जागाच असते असंही नाही. चांगलं केंद्र बऱ्याचदा घरी येतं. तो गप्प झाला, पटलं मात्र नव्हतं. धाकट्याचं म्हणणं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून मोफत सेवा देतंय, माझ्या जवळही पडेल. तेही चुकीचं नव्हतं.

मी विचारलं, आबांना कुणी विचारलं का?

कुणीच विचारलं नव्हतं. आबांना आजार माहीत होता, इलाज संपल्याचं मात्र सांगितलं नव्हतं. "ऐकूनच हाय खातील" असं सगळ्यांचं म्हणणं. असं मला दहापैकी आठ घरांत ऐकायला मिळतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी रोग्याला आधीच कळलेलं असतं, तो घरच्यांना सांभाळत असतो.

दुसरं केंद्र ताईंना एका ओळखीच्या आशाताईंकडून कळलं. एका ट्रस्टचं, जुन्या वाड्यात, दहा-बारा खाटांचं. भिंतींना ओल आलेली. एसी नाही. तिथल्या सिस्टर आधी घरी आल्या. पोरांशी जुजबी बोलल्या आणि आबांच्या खाटेशेजारी खाली बसल्या, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. विचारलं, "आबा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा व्हायलाय?"

आबांना नीट बोलता येत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला, मग तिसऱ्यांदा शब्द कळला. "वास."

ताई मला हे सांगताना रडल्या. सगळ्या घराला वाटत होतं, दुखणं हाच त्रास. आणि आबांना खात होतं ते हे, की जखमेच्या वासाने नातू खाटेजवळ येत नव्हता. सूनबाई उदबत्त्या लावत होती, दिवसभर. त्या उदबत्त्यांचा अर्थ आबांना कळत होता.

सिस्टरने जखम सलाईनच्या पाण्याने धुतली. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या दोन चमच्यांत दाबून बारीक पूड केली आणि जखमेवर भुरभुरली. वर गॉज. सूनबाईला जवळ बसवून दुसऱ्या दिवशी तिच्याच हाताने करून घेतलं. तिचा हात थरथरत होता, म्हणून सिस्टरने आपला हात तिच्या मनगटाखाली धरला. चौथ्या-पाचव्या दिवशी वास बराच उतरला. नातू पुस्तक घेऊन आजोबांच्या पायथ्याशी बसायला लागला.

केंद्राची पारख कशी करावी, असं मला कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. पहिला प्रश्न कुणाला विचारला? पैसे देणाऱ्याला की खाटेवरच्या माणसाला? सिसिली सॉन्डर्स म्हणायच्या की मरणासन्न माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते. "वास" या एका शब्दात ते सगळं होतं.

आता हे केंद्र काही आदर्श नव्हतं, आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे, बाकी फोनवर. एका रात्री आबांना जोरात रक्तस्राव झाला आणि केंद्राचा फोन चाळीस मिनिटं कुणी उचलला नाही. थोरल्याने काळी सतरंजी गालाखाली धरून ठेवली होती. गडद कपडा जवळ ठेवा, म्हणजे रक्त बघून माणूस घाबरत नाही, हे सिस्टरनेच आधी शिकवलेलं. रक्त थांबलं. सकाळी ताई केंद्रात जाऊन भांडल्या. तिथल्या प्रमुखांनी सबबी सांगितल्या नाहीत. चूक कबूल केली, रजिस्टरमध्ये तक्रार लिहून ताईंना वाचून दाखवली, आणि रात्रीसाठी दुसऱ्या माणसाचा नंबर दिला. त्याच संध्याकाळी त्या नंबरवर ताईंना मिस्ड कॉल द्यायला लावून तो लागतो का, ते तपासलं. चूक झाल्यावर केंद्र कसं वागतं, हे आधी कळत नाही. पण विचारता येतं: "इथं शेवटची तक्रार कशाबद्दल आली होती?" तक्रार कधीच आली नाही असं उत्तर आलं, तर मला शंका येते.

कागदांबद्दल थोडक्यात. खाटा असलेल्या खासगी केंद्राची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली आहे का, ते बघा. २०२१ च्या नियमांनुसार दर आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर दिसायला हवी. खर्च लेखी घ्या. घरी मृत्यू झाला तर त्यांचे डॉक्टर दाखला देतील का, हे आधीच ठरवून ठेवा. ग्रामपंचायतीत २१ दिवसांत नोंद करायची असते आणि त्या दिवसांत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. आणि "आमच्याकडे बरे होतात" असं हॉस्पिसच्या नावाखाली कुणी सांगत असेल, तर तिथून उठा.

आबांना अखेर सांगितलं. मी फोनवर होते, सिस्टर शेजारी होत्या. आबांनी मान हलवली, जणू आमचीच वाट बघत होते. पुण्याला जायचं का, याला त्यांनी हातानेच नाही म्हटलं आणि ओसरीकडे बोट केलं. ओसरीतून गोठा दिसतो. मग असं ठरलं: सहा दिवस केंद्रात, मॉर्फिनचा डोस बसेपर्यंत, आणि नंतर घर. त्या सहा दिवसांत थोरला रोज मोटारसायकलवर जाऊन आला. सातव्या दिवशी आबांना घेऊन आला, खाट ओसरीत टाकली. सिस्टर आठवड्यातून दोनदा येत राहिल्या. आबांना ताकातल्या कण्या खाव्या वाटल्या, तर त्यांनी पथ्य सांगितलं नाही. ताक आंबट नको, गार आणि पातळ करा, चमच्याने गालाच्या चांगल्या बाजूने द्या, एवढंच सांगितलं. तीन चमचे गेले.

आबा पोळ्यानंतर चार दिवसांनी गेले, पहाटे. रात्रीची गोळी वेळेवर दिलेली होती.

चौदाव्या दिवशी सिस्टर परत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत न्यायच्या असतात, घरात पडून राहू द्यायच्या नसतात. त्यांनी ओसरीत बसून त्या मोजल्या, वहीत लिहिल्या, थोरल्याची सही घेतली. मग वही मिटली आणि विचारलं, "दादा, झोप लागायलीय का?"

ताई म्हणाल्या, तेरा दिवस दादाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. त्या दिवशी तो वहीवर पेन तसाच धरून खूप वेळ रडला. सिस्टर उठल्या नाहीत. त्यांची शेवटची एसटी निघून गेली, तरी बसून राहिल्या.