रस्ट शिकले, पण नोकरी जुन्या यंत्रांवर

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्ष रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा मनापासून शिकले. नोकरी मात्र मिळतेय ती जुन्या कंट्रोलर यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीत. तिथे सगळं सी भाषेत आहे. मित्र म्हणतात, तिथे अडकलीस तर पुढे कुणी विचारणार नाही. रस्ट तिथे नेता येईल का, की नोकरीच नाकारू?

उत्तर : तुझ्या पत्रात भाषांची नावं आहेत, पण त्या यंत्रांत प्रोसेसर कोणता हे कुठेच नाही. खरी गोम तिथेच आहे.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड प्रोसेसरला कळेल अशा मशीन कोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. रस्टचा नेहमीचा कंपायलर मशीन कोड बनवायचं काम एलएलव्हीएम या तयार साधनावर सोपवतो. एलएलव्हीएमला जो प्रोसेसर ठाऊक नाही, तिथे तुझं दीड वर्ष कामाला येणार नाही. सीच्या पाठीशी जीसीसी हा कंपायलर आहे, 1987 पासूनचा, आणि त्याने कितीतरी जुने प्रोसेसर अजून सांभाळलेत. 2021 मध्ये पायथन भाषेच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजमध्ये रस्ट आली आणि अल्फा, पीए-रिस्क असल्या जुन्या प्रोसेसरच्या यंत्रांवर ते बांधताच, म्हणजे तिथे चालेल असं तयार करताच, येईना. बरीच भांडणं झाली. डेबियन या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एपीटी या प्रोग्रॅममध्ये रस्ट आणायचं 2025 मध्ये जाहीर झालं, तेव्हा पुन्हा तीच यंत्रं अडचणीत.

पण जुनं म्हणजे बाद, असंही नाही. आयबीएमचे मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे अवाढव्य संगणक, 1964 च्या सिस्टिम/360 चे वंशज. त्यांच्यावरच्या लिनक्ससाठी रस्टचा कंपायलर तयार मिळतो. उलट मोटोरोला 68000 या जुन्या प्रोसेसरच्या घराण्याला रस्टने तिसऱ्या श्रेणीत ठेवलंय. म्हणजे कोड आहे, पण तो आपोआप बांधला किंवा तपासला जाईल याची हमी नाही. वयापेक्षा त्या प्रोसेसरमागे आज कोण उभं आहे, ते बघ.

नोकरी घेतलीस तर पहिल्याच महिन्यात ‘सगळं रस्टमध्ये लिहू या’ असं म्हणू नकोस. वर्षानुवर्षं चाललेल्या सी कोडमध्ये यंत्राच्या खोडी मुरलेल्या असतात, त्या कागदावर कुठेच नसतात. एखादा छोटा, नवा भाग घे, बाहेरून येणारा डेटा वाचणारा वगैरे, आणि तो सीच्या फंक्शनसारखा बाहेरून बोलावता येईल असा लिही. मेमरी किलोबाइटांत मोजावी लागत असेल तर रस्टसोबत येणारी तयार कोडची स्टँडर्ड लायब्ररी विसरायची, तिच्याशिवाय लिहायच्या ‘नो-एसटीडी’ पद्धतीवर भागवायचं.

आत्ता घरबसल्या क्यूईएमयूवर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, 68000 च्या घराण्यातलं यंत्र उभं कर आणि तुझा एखादा प्रोग्रॅम तिथे चालवून बघ. मी पहिल्यांदा असं काही केलं तेव्हा फाइलमधला 1 हा आकडा 16777216 म्हणून वाचला गेला. बाइटांचा क्रम उलटा असतो, हे पुस्तकात वाचूनही लक्षात राहिलं नव्हतं. असं दोन-तीनदा तोंडावर पडलीस की मित्रांच्या भाकितांची फारशी भीती उरणार नाही. एखादी गोष्ट नव्या प्रोसेसरवर नेता येणारी माणसं मोजकी असतात, आणि त्यांना भाषा कुठली येते हे कुणी आधी विचारत नाही.

मुलाखतीत तीन प्रश्न मात्र तू विचार. प्रोसेसर कोणता? कंपायलर कुठल्या आवृत्तीवर थांबलाय? आणि बदललेला कोड तपासायला हाताशी सुटी यंत्रं किती आहेत? तिसऱ्याचं उत्तर ‘एकही नाही, थेट ग्राहकाकडेच बघतो’ असं आलं, तर भाषा कुठलीही असो, मी तरी ती नोकरी घेणार नाही.