लिलावातील जुनी यंत्रे : बोली किती लावावी आणि कुठे थांबावे

प्रश्न : माझी फर्निचरची छोटी कार्यशाळा आहे. काम मुख्यत्वे प्लायवूड आणि एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांचे) असून शीट कापणे आणि एज बँडिंग, म्हणजे कापलेल्या कडांना पट्टी चिकटवणे, मी बाहेरून करून घेतो. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या यंत्रांचा लिलाव होणार आहे. त्यातील पॅनेल सॉ (शीट कापणारी करवत), एज बँडर आणि थिकनेस प्लेनर (लाकूड रंधून एकसारख्या जाडीचे करणारे यंत्र) ही तीन यंत्रे मला घ्यायची आहेत. पॅनेल सॉची बोली नव्याच्या ३० टक्क्यांपर्यंत जाईल, असा अंदाज आहे. घर आणि धंदा मिळून आठ महिन्यांच्या खर्चाइतकी माझी शिल्लक आहे. तिन्ही यंत्रांच्या बोलीतच तिच्यातील सहा महिन्यांची रक्कम जाईल. नुसत्या कापणीपोटी वर्षाला मी जे बाहेर देतो, ते नव्या पॅनेल सॉच्या किमतीच्या २० टक्के भरते. म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल व्हावेत. हा व्यवहार करावा का?

उत्तर : तिन्ही यंत्रे घेऊ नयेत. पॅनेल सॉवर बोली लावण्यास हरकत नाही, परंतु ती आपण धरलेल्या आकड्याच्या बऱ्याच खाली थांबली पाहिजे. ती मर्यादा कशी काढायची, हे आधी सांगतो, कारण आपल्या पत्रातील वसुलीचा सारा हिशेब बोलीच्या रकमेवर उभा आहे आणि लिलावात बोली हा एकूण खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो.

नव्या पॅनेल सॉची किंमत १०० धरू. आपली बोली ३० वर सुटली, तर त्यावर लिलावदाराचे खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन लागते. ते लिलावागणिक वेगळे असते. येथे १५ टक्के धरले, तर ४.५ होतात. या दोन्हींवर कर १० टक्के धरला, की रक्कम जवळपास ३८ वर जाते. मग यंत्र सोडवणे, क्रेन, वाहतूक आणि वाटेतला विमा यांचे ५, वीजजोडणी आणि धूळ ओढण्याची पाइपलाइन यांचे ६, बेअरिंग, पट्टे, पाती आणि पुन्हा अलाइनमेंट यांचे ४. एवढ्यावर १० टक्के अनपेक्षित खर्चासाठी राखून ठेवले, तर ३० ला पडलेले यंत्र आपल्या कार्यशाळेत चालू होईपर्यंत सुमारे ५८ ला पडते. यातील प्रत्येक दर आपण आपल्या ठिकाणच्या खऱ्या दराने बदलून घ्यावा. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण बोली आणि एकूण खर्च यांतील अंतर फारसे कमी होणार नाही. वीजजोडणी आणि पाइपलाइनचा खर्च नव्या यंत्रालाही करावाच लागतो, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबर आहे. म्हणून नव्याशी तुलना करताना तो दोन्हीकडे धरावा. मात्र खिशातून किती पैसे जाणार, हे पाहताना तो वगळता येत नाही.

आता वसुलीकडे पाहू. बाहेर दिले जाणारे २० वाचतील, हे खरे. पण स्वतःची कापणी फुकट होत नाही. वीज, पात्यांना धार लावणे, कामगाराचा वेळ आणि वाया जाणारा माल यांचे ८ वजा केले, तर वर्षाची खरी बचत १२ उरते. त्या हिशेबाने ५८ वसूल व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतील. आपण बाहेरून कापणी आणि एज बँडिंग एकाच ठिकाणी करून घेत असाल, तर आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवावी : कापलेली पॅनेल आपण नेऊन दिली आणि फक्त एज बँडिंग सांगितले, तर दर तोच राहील का? पुष्कळ ठिकाणी दोन्ही कामे मिळून दर लावलेला असतो. एकच काम दिल्यावर तो वाढला, तर १२ चे ९ किंवा १० व्हायला वेळ लागत नाही.

वापरलेल्या यंत्राचे उरलेले आयुष्य आणि आपल्या धंद्यातील चढउतार लक्षात घेता, चार वर्षांच्या आसपास एकूण खर्च भरून येत असेल तरच पैसे गुंतवावेत, असे माझे मत आहे. म्हणजे चालू अवस्थेतील यंत्र ५० च्या आत पडले पाहिजे. तेथून उलटे या : अनपेक्षित खर्चाची राखीव रक्कम काढली, की ४५ च्या थोडे वर उरतात, त्यातून सोडवणे, जोडणी आणि दुरुस्तीचे १५ गेले, की ३० उरतात, आणि कमिशन व कर वगळून बोलीसाठी जागा राहते ती २४ ची. हाच आपला आकडा. तो लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा आणि शक्य असल्यास बोली लावताना घरातील किंवा धंद्यातील दुसऱ्या माणसाला शेजारी बसवावे. ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणी बोली आली, की बहुधा मुदत थोडी वाढते. त्या वाढीव मिनिटांतच माणसे स्वतःची मर्यादा ओलांडतात.

१९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी एक निबंध लिहिला होता. वस्तूच्या खऱ्या मूल्याचा अंदाज प्रत्येकाचा थोडा चुकतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत चढा तोच लिलाव जिंकतो, म्हणून जिंकणारा बहुधा खऱ्या मूल्यापेक्षा जास्त मोजतो, असे त्यांचे निरीक्षण होते. यालाच पुढे ‘विजेत्याचा शाप’ म्हणू लागले. यंत्रांच्या लिलावात आपल्यासमोर जुन्या यंत्रांचे व्यापारी असतात. त्यांना नफा ठेवून पुढे विकायचे असते, म्हणून स्वतः वापरणारा गिऱ्हाईक त्यांच्यापेक्षा थोडे जास्त देऊ शकतो, आणि त्यात काही गैर नाही. परंतु त्यांच्याकडे स्वतःची गाडी, स्वतःचा मिस्त्री आणि सुटे भाग असतात. त्यांच्या बोलीच्या बरेच वर गेल्याशिवाय यंत्र मिळत नसेल, तर त्यांना दिसलेली एखादी खोट आपल्याला दिसलेली नाही, असे समजावे.

खोट पाहण्याची संधी एकदाच मिळते, कारण हे व्यवहार ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ या तत्त्वावर होतात आणि नंतरची तक्रार कोणी ऐकत नाही. पाहणीला आपला माहितगार मिस्त्री, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) आणि सरळ पट्टी घेऊन जावे. सरकत्या टेबलाची गाडी टोकापर्यंत ढकलून तेथे हाताने वर उचलून पाहावी. खडखड जाणवली, तर मार्ग किंवा रोलर झिजलेले आहेत आणि काप सरळ येणार नाही. पट्टा सैल करून आर्बर, म्हणजे पाते बसवलेला दांडा, हाताने फिरवावा, बेअरिंगची घरघर ऐकावी आणि डायल गेज लावून त्याचा डोलणेपणा मोजावा. लॅमिनेट न उडता कापायचे असेल, तर मुख्य पात्यापुढचे छोटे स्कोरिंग पाते वरखाली आणि आडवे सरकते की नाही, हेही पाहावे. टेबलावरच्या वरवरच्या गंजाला घाबरण्याचे कारण नाही, तो निघतो; ओतीव लोखंडाला गेलेली चीर किंवा जुने वेल्डिंग दिसले, तर मात्र परत फिरावे.

मोटरवरची पाटी अवश्य वाचावी. तीन फेजची मोटर आणि आपल्याकडे सिंगल फेज जोडणी असेल, तर कन्व्हर्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वीजपुरवठा आणि वेग नियंत्रित करणारे उपकरण) यांचा खर्च वाढेल. ६० हर्ट्झसाठी बांधलेली मोटर ५० हर्ट्झवर चालवली, तर वेग एक षष्ठांशाने घटतो. फेन्स (माल टेकवण्याचा सरळ आधार), स्टॉप (ठरावीक मापावर माल अडवणारा भाग), पात्यामागची रायव्हिंग नाइफ (काप मिटून पाते अडकू न देणारी पट्टी) आणि वरचे गार्ड त्याच लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या संचात, आहेत का, हे यादीत तपासावे. कधी कधी हे सामान वेगळ्या लॉटमध्ये जाते आणि मूळ यंत्र घेतलेल्याला ते नव्याने, महाग विकत घ्यावे लागते. धूळ ओढण्याच्या सोयीत काटकसर करू नये : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि एमडीएफची धूळ तर फार बारीक असते.

उरलेल्या दोन यंत्रांबद्दल. एज बँडर लिलावात घेऊ नये. गोंदाचे भांडे, हीटर, ट्रिमिंगचे लहान मोटर, सेन्सर आणि नियंत्रक अशा अनेक नाजूक भागांचे हे यंत्र असते, त्यातील एक बिघडला तरी कडा नीट बसत नाही, आणि बंद कारखान्यात वीज तोडलेली असेल, तर ते तापवून पट्टी चिकटवून पाहताच येत नाही. असे यंत्र व्यापाऱ्याकडून, चालवून दाखवल्यावर, थोडे जास्त देऊन घेणे स्वस्त पडते. थिकनेस प्लेनरची गोष्ट उलटी आहे. जाड ओतीव लोखंड, मोटर, पट्टा, रोलर आणि पाती बसवलेला फिरता कटर-ब्लॉक एवढाच त्याचा पसारा; तिघांत जुने घ्यायला तेच सर्वांत निर्धोक. पण आपले काम शीटचे आहे. घन लाकडाच्या मागण्या हातात नसताना घेतलेले प्लेनर जागा अडवील आणि पैसाही. लिलावात स्वस्त मिळाले, हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही.

पैशांची बाजू आता सोपी होते. पत्रातील बेतात हातात दोन महिन्यांचा खर्च उरत होता, आणि तोही कमिशन, वाहतूक व जोडणीत संपला असता. अनियमित उत्पन्नाच्या धंद्यात हे धोक्याचे आहे. फक्त पॅनेल सॉ, तोही २४ च्या मर्यादेत घेतला, तर शिलकीतून किती महिन्यांचा खर्च जातो ते मोजावे. मागे किमान पाच महिन्यांचा खर्च राहत असेल, तरच पुढे जावे. गिऱ्हाइकांकडून आलेली आगाऊ रक्कम यात वापरू नये. कर्जाने घेण्याचा विचार असेल, तर मंजुरी लिलावापूर्वी हातात हवी, कारण हातोडा पडल्यावर रक्कम भरायला बहुधा काही दिवसच मिळतात आणि न भरल्यास बयाणा जप्त होतो.

अटींच्या कागदात चार गोष्टी शोधाव्यात : विक्री कोण करीत आहे आणि यंत्रावर कोणाचे तारण शिल्लक आहे का, बोली सुटताच जोखीम आपल्याकडे येते का, यंत्र हलवण्याची शेवटची तारीख कोणती, आणि ती चुकल्यास रोजचे भाडे किती. क्रेनवाल्याची तारीख आधी ठरवूनच बोली लावावी. यंत्र मिळाले, तर पहिल्या वर्षाची सर्व बचत शिलकीत परत टाकावी आणि ती पूर्ववत होईपर्यंत एज बँडरचा विषय काढू नये. बोली २४ च्या वर गेली, तर बयाणा परत घेऊन बाहेरची कापणी चालू ठेवावी. वर्षाला २० देऊन आपले काम आजही वेळेवर होत आहे.